बडोद्याच्या कमाटी बागेतली झुकझुक गाडी आधी खरंच राजवाड्यातली होती का?

सुरसागरकाठची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतीये इथे, आज पहिल्यांदाच विचारतीये. माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीतलं, आता राहते ठाण्याला. आमचे मामाआजोबा नेहमी सांगायचे की कमाटी बागेत जी छोटी आगगाडी पळायची ती मुळात म्युनिसिपालिटीने आणलेलीच नाही, ती राजवाड्यातल्या राजपुत्राची होती आणि नंतर लोकांच्या पोरांना मिळाली. परवा जेवताना हे सांगितलं तर नवरा हसायला लागला, म्हणे प्रत्येक गावात असं एक तरी राजाचं काहीतरी असतं, बागेतल्या गाड्या सगळ्या नगरपालिकाच आणतात. तो पुण्याचा, त्यामुळे फुलराणीच्या पुढे जगात दुसरी छोटी गाडी झाली हेच त्याला मान्य नाही, ते एक सोडा. पण आता मलाच शंका यायला लागली. मामाआजोबा गोष्टी रंगवून सांगायचे हेही खरं, त्यांच्या हिशोबाने विश्वामित्रीतल्या प्रत्येक मगरीला नाव होतं. तर कोणाला नक्की माहिती आहे का, गाडी कोणाची, कधीची, कोळशावर चालायची का, आणि ते जुनं इंजिन आता कुठे आहे? आणि राजवाड्यातली असेल तर ती बागेत आली तरी कशी?

रावपुरावाले
ताई, मामाआजोबा बरोबर होते, मगरींचं मला माहीत नाही 😄

गोष्ट अशी. 1939 मध्ये सयाजीराव महाराज (तिसरे) गेले आणि गादीवर आले त्यांचे नातू प्रतापसिंहराव. त्यांचे एक चिरंजीव रणजितसिंह, जन्म मे 1938 चा. 1941 मध्ये त्यांच्या तिसऱ्या वाढदिवसाला ही गाडी भेट मिळाली. वाफेचं खरंखुरं इंजिन, चावी देऊन पळणारं खेळणं नव्हे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात रूळ टाकले होते, आणि मुख्य स्टेशन कुठे तर राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेपाशी, मोतीबागेत. म्हणजे आपल्याकडे पोरं रिक्षात कोंबून शाळेत जातात तशी ही मंडळी आपापल्या आगगाडीने जायची, मागायचं काय अजून आयुष्याकडून.

त्या शाळेच्या इमारतीत आता महाराजा फतेहसिंह म्युझियम आहे, 1961 पासून, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत तेच. तुमचं जुनं इंजिन तिथेच दाराशी ठेवलंय, मधे डागडुजी करून रंगबिंग देऊन. म्हणजे ज्या जागी त्याचं स्टेशन होतं तिथेच परत येऊन उभं राहिलंय. गाडी सार्वजनिक झाली ती राजवट संपल्यावर, 1950 च्या दशकात, आणि मग कमाटी बागेत कितीतरी वर्षं बडोद्याच्या दोन पिढ्यांनी तिच्यात बसून घेतलं. नंतर बागेत जी जॉय ट्रेन आली ती वेगळी, तिचा वाफेशी काही संबंध नाही, तिला बघून जुन्या गाडीची कल्पना करू नका.

नवऱ्याला सांगा, हरलात, आता बडोद्याची शेव उसळ तुमच्याकडून 🙏

पेठेतला_एक
नवऱ्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून लिहितो. फुलराणी 1956 ची, एप्रिलमधली, पेशवे पार्कात, आणि ती पुणे महापालिकेचीच. राजा नाही, राजपुत्र नाही, कोणाचा वाढदिवस नाही. पहिल्या दिवसापासून तिकीट काढून बसायची गाडी. मला वाटतं यात जास्त मजा आहे, कारण ती कोणाची उतरलेली नाही, पोरांसाठी म्हणूनच आली. मधे तिथले प्राणी कात्रजला हलवले, वाघ गेले, हत्ती गेले, माकडं गेली, बागेचं ऊर्जा उद्यान झालं, तरी गाडी तिथेच. पुण्यात एखादी गोष्ट जागेवर टिकते याला केवढं महत्त्व आहे हे पुण्यात राहिल्याशिवाय कळणार नाही. बाकी चालू द्या.

सुरसागरकाठची
@पेठेतला_एक तुम्ही आमच्या ह्यांचे भाऊ आहात का हो 😂 अगदी हाच टोन.

@रावपुरावाले काका, खूप आभार, म्युझियमच्या दारातलं इंजिन मी लहानपणी बघितलेलं आठवत नाही, तेव्हा नसेल बहुतेक तिथे. एक विचारू का, ते खरंच कोळशावर चालणारं असेल तर एवढ्याशा इंजिनात माणूस बसतो कुठे आणि ते एवढी माणसं ओढतं कसं? मुलगा विचारतोय, त्याला रेल्वेचं वेड आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

नॅरोगेजवाला
मुलाचा प्रश्न आला म्हणून लॉगिन केलं.

आधी माप. कमाटी बागेतल्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण दहा इंच, म्हणजे एक वीत आणि वर एक बोट. आपली ब्रॉडगेज 1676 मिलीमीटर, माथेरान 610, आणि ही 254 च्या आसपास. म्हणजे माथेरानची गाडी, जिला आपण सगळे लाडाने टॉय ट्रेन म्हणतो, ती हिच्यापुढे राजधानी एक्स्प्रेस आहे. माथेरानला खेळणं म्हणणं मला कधीच पटलं नाही, 1907 पासून घाट चढणारी पोटापाण्याची रेल्वे आहे ती, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली. खेळणं म्हणायचं तर हे दहा इंचवालं.

आता माणूस बसतो कुठे. इंजिनात बसतच नाही. एवढ्या मापाच्या इंजिनात ड्रायव्हर मागच्या टेंडरवर बसतो, म्हणजे कोळसापाण्याच्या डब्यावर, गुडघे वर घेऊन, आणि इंजिनाच्या छपरावरून पुढे बघतो. हात पुढे घातला की रेग्युलेटर (वाफ कमीजास्त करायचा दांडा), खाली वाकलं की भट्टीचं दार. लांबून बघितलं तर मोठा माणूस पोराच्या तीनचाकीवर बसल्यासारखा दिसतो. पण काम सगळं खऱ्या ड्रायव्हरचं, आणि फायरमनचंसुद्धा त्यालाच करायचं, शेजारी कोणी मावत नाही.

ओढतं कसं याचं उत्तर सोपं आहे, सपाट जमिनीवर लोखंडी चाक लोखंडी रुळावर गडगडायला फार जोर लागत नाही. हातगाडी मातीत ढकला आणि तीच रुळावर ढकला, फरक लगेच कळेल. म्हणून बागेतल्या गाड्यांना चढ नको असतो, आणि वळण जितकं मोठं तितकं बरं, कारण वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि अर्धा जोर तिथेच जातो. बागेत तर सगळा मार्गच गोल, म्हणजे घासणं चालूच, चाकं झिजणारच.

खरी गंमत बॉयलरमध्ये आहे. लोकांना वाटतं मोठ्या इंजिनाचं चित्र घ्यायचं आणि सगळं सातपट लहान करायचं, झालं. तसं होत नाही. आकार लहान केला तरी कोळसा तोच, पाणी तेच आणि वाफही तीच, त्यांना कोणी लहान करू शकत नाही. भट्टी लहान झाली की कोळशाचा एक मोठा खडा टाकला तरी आग गुदमरते, म्हणून बारीक निवडलेला कोळसा लागतो आणि थोडा थोडा सारखा टाकत बसावं लागतं. पाणी थोडंसंच मावतं, म्हणजे जरा लक्ष दुसरीकडे गेलं की पातळी खाली, आणि भट्टीच्या डोक्यावरचं पाणी संपलं तर तो पत्रा तापून बॉयलरचं काम तमाम. मोठ्या इंजिनात चूक सुधारायला थोडा तरी वेळ मिळतो, इथे मिळत नाही. त्यात उष्णता बाहेर पळते ती वेगळीच, कारण आकार जितका लहान तितकं आतल्या पाण्याच्या मानाने बाहेरचं अंग जास्त. आल्याचा चहा पातेल्यात गरम राहतो आणि कपात लगेच गार होतो ना, तसं.

शिवाय पहिल्या फेरीच्या आधी तासभर तरी आधी येऊन आग पेटवून वाफ धरायची, संध्याकाळी राख काढायची, ठराविक दिवसांनी बॉयलर धुवायचा, कारण जड पाण्याने नळ्यांत खार बसतो. राजवाड्यात हे करायला माणसं होती. बागेत हेच काम पगारी माणसाने, रोज, पोरांच्या रांगेच्या आरडाओरड्यात करायचं असतं. म्हणून जगभर बागेतल्या गाड्या हळूहळू डिझेलवर किंवा बॅटरीवर गेल्या. चावी फिरवली की चालू. मला वाईट वाटतं, पण जो माणूस मे महिन्याच्या उन्हात त्या भट्टीच्या मागे बसत असेल त्याला वाटत नसणार.

ग्वाल्हेरकर_मुक्काम_इंदूर
राजे आणि छोट्या गाड्या विषय निघाला आणि ग्वाल्हेर नाही असं कसं चालेल. आमच्या माधवराव शिंदे महाराजांची चांदीची गाडी जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावर आजही आहे, टेबलावरच रूळ, आणि जेवण झालं की ती दारू आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. बाटली उचलली की थांबणार, ठेवली की निघणार. ह्याच महाराजांना रेल्वेचं इतकं वेड की ग्वाल्हेर लाइट रेल्वे दोन फुटी गेजची उभी राहिली, श्योपूरपर्यंत जवळपास 200 किलोमीटर. तेव्हा बडोद्यात राजपुत्राला वाढदिवसाला आगगाडी मिळाली याचं आम्हाला काही विशेष वाटत नाही 😎

पण एक फरक आहे तो मान्य करतो, आमची चांदीची गाडी काचेपलीकडून बघायची, तुमच्या गाडीत लोकांची पोरं बसली.

सुरसागरकाठची
@नॅरोगेजवाला दादा, मुलाने तुमचं उत्तर दोनदा वाचून घेतलं आणि आता टेंडरवर गुडघे वर घेऊन बसल्याची अ‍ॅक्टिंग चालू आहे सोफ्यावर. थँक्यू.

माझा शेवटचा प्रश्न राहिला. राजवाड्यातून बागेत आली कशी? म्हणजे का दिली? राजपुत्र मोठे झाले म्हणून का आणखी काही?

रावपुरावाले
पोरगा मोठा झाला हे एक आहेच, तिसऱ्या वर्षी मिळालेल्या गाडीत पंधराव्या वर्षी कोण बसतं. पण मधल्या वर्षांत बडोद्यात काय काय झालं ते बघा म्हणजे नीट कळेल.

1941 मध्ये बडोदा हे संस्थान होतं, देशातल्या सगळ्यात श्रीमंत संस्थानांपैकी. प्रतापसिंहरावांचा हात सढळ, त्यांना घोड्यांचा फार शौक. विलायतेत त्यांच्या घोड्यांनी मोठमोठ्या शर्यती मारल्यात, 1947 ला सेंट लेजर जिंकली त्या घोड्याचं नावच सयाजीराव, आजोबांचं, आणि पुढच्या वर्षी माय बाबू नावाच्या घोड्याने टू थाउजंड गिनीज मारली. विद्यापीठही त्यांच्याच काळात झालं, 1949 ला, हे पण लक्षात ठेवलं पाहिजे, नाहीतर लोक नुसते घोडेच मोजत बसतात. त्याच वर्षी 1 मे ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे खर्चावरून दिल्लीशी बिनसलं आणि 1951 मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून थोरले चिरंजीव फतेहसिंहराव यांना महाराज मानलं, तेच ते पुढे क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झाले.

म्हणजे दहा वर्षांत राज्य गेलं, बापाची गादी गेली, तनख्यावर घर चालायला लागलं. अशा वेळी आवारात रूळ सांभाळा, इंजिनाला माणूस ठेवा, कशासाठी? माझं मत असं की ज्या वस्तूला रोज खर्च आहे आणि जी आता शोभत नाही तीच पहिली लोकांना दिली जाते, आणि त्यात काही वाईट नाही, उलट बरंच झालं. मोत्यांचे हार नाही कोणी बागेत टांगले.

आणि बागच का, तर बडोद्यात मुलांची जागा म्हटली की कमाटी बागच. आमच्याकडे सगळे म्हणतात सयाजीरावांनी बांधली, नाव त्यांचंच आहे, सयाजी बाग. पण ती 1879 ची, तेव्हा महाराज सोळा वर्षांचे, अधिकार मिळाले 1881 च्या शेवटी, कारभार होता दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे. म्हणजे कवळाण्याहून दत्तक आणलेला पोर अजून मास्तरांपुढे बसून शिकतोय आणि त्याच्या नावाने शहराला बाग मिळतीये. पुढे तिथे म्युझियम झालं 1894 मध्ये, ममी आहे, व्हेल माशाचा सांगाडा आहे, प्राणिसंग्रहालय आहे. बडोद्याच्या पोराची एक संध्याकाळ व्हेल, वाघ आणि आगगाडी अशी जायची, आणि घरी जाताना काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी फुगा.

रणजितसिंह पुढे 1988 मध्ये थोरले भाऊ गेल्यावर स्वतः महाराज झाले, चित्रकार होते, खासदारही होते, 2012 मध्ये गेले.

मालाडकर
बोरिवलीच्या वनराणीचं कोणीच काढलं नाही? नॅशनल पार्कातली, हरणांच्या बाजूने गांधी टेकडीला वळसा घालून यायची. मे 2021 च्या तौक्ते वादळात रुळांची वाट लागली आणि मग नुसती वर्षावर वर्षं बंद, आमची पोरं तोपर्यंत बसायच्या वयाच्या बाहेर गेली. तात्पर्य काय तर ज्याच्याकडे चालू गाडी आहे त्याने वाद घालत न बसता पोरांना घेऊन जावं.

पेठेतला_एक
@मालाडकर पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं बोललं.

नॅरोगेजवाला
@रावपुरावाले काका, तुम्ही एक राहू दिलंत आणि मला ते राहू देववत नाही. गायकवाडांच्या घरात छोट्या रुळांचं वेड 1941 चं नव्हे. 1862 मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अरुंद रुळांची लाईन घातली, अडीच फुटी, भारतातली पहिली नॅरोगेज. आणि ओढायला काय, तर बैल. मुद्दाम नव्हे, आणलेले रूळ इतके हलके होते की त्यांवर इंजिन चालवणं झेपेना. मग पुढे जास्त जड रूळ टाकून इंजिनं नियमित सुरू झाली. तिथून वाढत वाढत डभोई हे नॅरोगेजचं एवढं मोठं जंक्शन झालं की रेल्वेवेडे लोक परदेशातून फक्त ते बघायला यायचे, माणशी तीन कॅमेरे घेऊन.

म्हणजे बडोद्यात रूळ टाकणारा, चाक तासणारा, बॉयलर जाणणारा माणूस गावातच मिळायचा, गोयागेटचं रेल्वे वर्कशॉप होतंच (आता प्रतापनगर म्हणतात). माझ्या मते दहा इंचाची गाडी इथे इतकी वर्षं चालली त्यात याचा मोठा वाटा असणार. दुसऱ्या एखाद्या संस्थानात तिसऱ्या पावसाळ्यात बंद पडली असती आणि कोणीतरी तिच्यावर कपडे वाळत घातले असते. आणि योगायोग बघा, 1952 मध्ये रेल्वेने आपल्या अधिकाऱ्यांचं स्टाफ कॉलेज काढलं ते बडोद्यातच, लालबागच्या प्रतापविलास पॅलेसमध्ये. एक राजवाडा सोडून गाडी बागेत गेली आणि दुसऱ्या राजवाड्यात अख्खी रेल्वे शिकायला आली.

ताई, मुलाला घेऊन गेलात तर फक्त म्युझियम करून परत येऊ नका. प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज पार्क आहे, तिथे नॅरोगेजची खरी इंजिनं जवळून बघता येतात. आधी ते बघा आणि मग म्युझियमच्या दारातलं, म्हणजे माप कळेल. उलट क्रमाने गेलात तर पोराला छोटं इंजिन बघून मोठ्यात काही वाटणार नाही, हा अनुभव आहे.

सुरसागरकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला अख्खा थ्रेड वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, "ठीक आहे, राजाची होती, पण दुसऱ्याची वापरलेली." आता यावर काय बोलणार. दिवाळीत जातोय बडोद्याला, आधी प्रतापनगर मग म्युझियम, आणि शेव उसळीचे पैसे ह्यांच्या खिशातून.

रावपुरावाले
मोतीबागेत इंजिनाचा फोटो काढाल तो इथे टाका. आणि शेव उसळ सकाळीच खा, दुपारपर्यंत तर्री संपते.